उकळीनंतरचे प्रहर

मार्गशीर्षाच्या पहिल्या पंधरवड्यात, मळणी आटोपून धान घराबाहेर निघू लागला म्हणजे, तुमसरच्या बाजार समितीच्या आवारात सकाळपासून जी एक पिवळसर धूळ उठते ती दिवस मावळेपर्यंत खाली बसत नाही. पोती रिकामी करणाऱ्या हमालांच्या भुवयांवर, मापाऱ्याच्या वहीवर, अडत्याच्या गादीवर आणि फाटकाबाहेरच्या टपरीत पालथ्या घातलेल्या पेल्यांवर ती सारखीच पसरते, आणि या गावात जन्म काढलेल्या माणसाला तिचा वास हाच सुगीचा वास वाटतो. भंडारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून असलेल्या या तालुक्याची ओळख दोन जिन्नसांनी आहे: चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील खाणींतले मँगनीज, आणि बांध्यांतला धान. मँगनीज मालगाडीत भरून निघून जाते. धान गिरणीतून तांदूळ होऊन पुन्हा आमच्याच चुलीवर चढतो. म्हणूनच त्या पिवळ्या धुळीतून, तुसातून आणि दाण्याच्या खाचेतून जो एक अदृश्य प्रवासी आमच्या गंजापर्यंत, म्हणजे भाताच्या पातेल्यापर्यंत, येतो, त्याची हकिकत तुमसरकराने तरी तपशिलाने जाणून घेतली पाहिजे असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

या प्रवाशाचे शास्त्रीय नाव बॅसिलस सिरियस. १८८७ साली पर्सी आणि ग्रेस फ्रँकलंड या इंग्रज दांपत्याने गोठ्यातील हवेतून तो प्रथम वेगळा काढला, आणि काचेच्या तबकडीवर त्याच्या वसाहती मेणासारख्या मंद चमकतात म्हणून मेणाच्या लॅटिन शब्दावरून त्याचे नामकरण झाले. माती हे त्याचे माहेर. जिथे जिथे सडणारे गवत, काडीकचरा, तणीस आणि ओल आहे, तिथे तिथे तो आहे. धानाच्या बांधीत तर त्याला काहीच उणे नाही. त्याचे कुटुंबही मोठे आणि चमत्कारिक आहे. जनावरांना आणि माणसांना काळपुळीने मारणारा अँथ्रॅक्सचा जिवाणू हा त्याचा सख्खा भाऊबंद, आणि ज्याच्या एका जनुकाच्या बळावर विदर्भातील कापसाच्या शेतांत बीटी वाण उभे राहिले तो बॅसिलस थुरिंजिएन्सिस हाही त्याच घराण्यातला. एकाच वंशात मारक, तारक आणि उपद्रवी असे तिघे जन्मावेत, आणि तिघांचेही पोट मातीतच भरावे, ही सृष्टीची व्यवस्था मला नेहमीच विस्मयकारक वाटते.

परंतु या जिवाणूचे खरे सामर्थ्य त्याच्या मारकतेत नसून त्याच्या चिकाटीत आहे. अन्न संपत आले, ओल आटली, परिस्थिती प्रतिकूल झाली, की या जिवाणूची पेशी मधोमध न दुभंगता एका टोकाशी विभागते; मोठा भाग लहान भागाला आपल्या पोटात घेतो, त्याच्याभोवती एकावर एक कवचे चढवतो, त्याच्या गाभ्यातले पाणी जवळजवळ काढून टाकून तिथे डायपिकोलिनिक आम्ल आणि कॅल्शियम यांचा क्षार ठासून भरतो, त्याच्या आनुवंशिक द्रव्याला विशिष्ट प्रथिनांचे वेष्टन देतो, आणि एवढे सारे करून झाल्यावर स्वतः विरघळून नाहीसा होतो. मागे जो उरतो तो बीजाणू. तो खात नाही, वाढत नाही, श्वसनाची हालचालही दाखवीत नाही. आमचा शेतकरी पुढल्या हंगामाचे बियाणे खडखडीत वाळवून कणगीत ठेवतो, कारण ओलावा हाच बियाण्याचा वैरी. बीजाणूनेही नेमके तेच साधलेले असते, आणि कोरडेपणा हेच उष्णतेपासूनचे त्याचे संरक्षण असते. पाणी १०० अंशांवर उकळते तेव्हा साधे जिवाणू काही क्षणांत मरतात. बीजाणूंतले पुष्कळसे मात्र तेवढ्यात मरत नाहीत.

ही गोष्ट शास्त्रज्ञांना सहजासहजी उमगली नाही. १८७६ साली जर्मनीत फर्डिनांड कोन याने अशा उष्णतासह बीजाणूंचे वर्णन केले, आणि त्याच सुमारास लंडनमध्ये जॉन टिंडल हा थोर भौतिकशास्त्रज्ञ एका विलक्षण संकटात सापडला होता. वनस्पतींचे काढे पाच मिनिटे उकळले की ते निर्जंतुक होतात असा त्याचा पूर्वीचा अनुभव होता. पण एके वर्षी काही केल्या ते काढे नासल्यावाचून राहीनात. शोधता शोधता दोष सापडला तो प्रयोगशाळेत आणून ठेवलेल्या जुन्या वाळल्या गवताच्या पेंढीत. तिच्या धुळीने सारी हवाच बीजाणूंनी भरून गेली होती. मग १८७७ साली टिंडलने एक युक्ती काढली: काढा थोडा वेळ उकळायचा, मग काही तास तसाच ठेवायचा, पुन्हा उकळायचा, पुन्हा ठेवायचा. मधल्या विसाव्यात बीजाणू उगवून कोवळे जिवाणू होत, आणि पुढच्या उकळीत ते मरत. ही युक्ती वाचताना माझ्या मनात दरवेळी आमच्या अंगणातल्या तणसाच्या ढिगाचे चित्र उभे राहते, आणि टिंडलने जे हेतुपूर्वक केले त्याचा पहिला अर्धा भाग आपण स्वयंपाकघरात रोज नकळत करीत असतो, दुसरा मात्र कधीच करीत नाही, याची जाणीव होते. आपण उकळतो, आणि ठेवून देतो.

कारण बीजाणूच्या दृष्टीने भाताची उकळी हा मृत्यूचा हुकूम नसून जागे होण्याचा इशारा असतो. उष्णतेचा चटका बसला म्हणजे त्याची कवचे शिथिल होतात आणि सुप्तावस्था मोडण्याची तयारी सुरू होते. त्यातच, कच्च्या तांदळाबरोबर आलेले इतर शेकडो जिवाणू, जे एरवी अन्नासाठी त्याच्याशी झगडले असते, ते त्याच उकळीत मरून गेलेले असतात. म्हणजे शिजलेला भात ही त्याच्या स्वाधीन झालेली निर्वेध जहागीरच: फुगलेला, मऊ, पिष्टमय, भरपूर पाण्याचा, आणि प्रतिस्पर्धी एकही नाही. एवढे झाल्यावर त्याला फक्त दोन गोष्टी लागतात, कोमट ऊब आणि वेळ. अंदाजासाठी एक हिशेब करून पाहावा. शिजल्यानंतर एका ग्रॅम भातात अवघे १०० बीजाणू जिवंत राहिले, ते उगवले, आणि अनुकूल उष्म्यात दर अर्ध्या तासाला त्यांची संख्या दुप्पट होत गेली असे धरले, तर सहा तासांत बारा दुपटी होतात आणि १०० चे ४,०९,६०० होतात. या जिवाणूने माणूस आजारी पडायला बहुधा ग्रॅममागे लाखाच्या वर संख्या लागते. सकाळी निर्दोष असलेला भात दुपारी सदोष होण्याला एवढेच अंकगणित पुरते, आणि त्या भाताला वास येत नाही, तार सुटत नाही, चव बदलत नाही.

घरच्या चार माणसांच्या भाताला हा धोका कमी असतो, कारण तो शिजतो आणि संपतो. शिवाय कुकरच्या दाबाखाली तापमान १०० अंशांच्या बरेच वर जात असल्याने पुष्कळसे बीजाणू खरोखरीच मरतात. संकट उभे राहते ते पंगतीत. वैशाखात आमच्याकडे लग्नसराईला ऊत येतो, नवरदेवाची वरात ठरल्या वेळी पोहोचल्याचे क्वचितच ऐकिवात असते, आणि आचारी तर पहाटेच भट्टी पेटवून बसलेला असतो. त्याचा दोष नाही; पाचशे पानांचा भात ऐन वेळी होत नाही. पण मोठ्या गंजाचा एक भौतिक नियम आहे, तो कुणीही त्याला सांगितलेला नसतो. भांड्याची लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी दुप्पट केली तर त्यात मावणारा भात आठपट होतो, परंतु ज्या पृष्ठभागातून उष्णता बाहेर जायची तो केवळ चौपट होतो. म्हणून लहान पातेले तासाभरात निवते, आणि मोठ्या गंजाचा गाभा, त्यातही वर ओले फडके आणि झाकण असल्यावर, कित्येक तास कढत, मग ऊन, मग कोमट राहतो. ६० अंशांच्या वर असेतो भय नाही. त्याच्या खाली उतरल्यानंतरचे, आणि विशेषतः आपल्या अंगाच्या उबेइतक्या कोमटपणात रेंगाळलेले, जे तास असतात तेच बीजाणूचे सुगीचे दिवस. आणि वैशाखात मांडवातल्या सावलीचा पाराच जिथे चाळिशीच्या पलीकडे असतो, तिथे तो कोमटपणा आपण होऊन सरत नाही.

युरोपला हा धडा भाताने न शिकवता गोड कस्टर्डासारख्या एका पदार्थाने शिकवला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत नॉर्वेत ओस्लो येथे इस्पितळांतील रुग्ण आणि सेवक मिळून सुमारे ६०० माणसे जेवणानंतर पोटदुखीने आणि जुलाबाने आजारी पडली. स्टाइनर हाउगे या संशोधकाने छडा लावला, तो व्हॅनिलाच्या सॉसपाशी जाऊन थांबला: सॉस आदल्या दिवशी शिजवलेला, मोठ्या भांड्यात, खोलीतल्या उबेत रात्रभर ठेवलेला, आणि त्यात घट्टपणासाठी घातलेले मक्याचे पीठ बॅसिलस सिरियसच्या बीजाणूंनी भरलेले. लोकांचा विश्वास बसेना, कारण तोपर्यंत हा जिवाणू निरुपद्रवी समजला जात असे. तेव्हा हाउगेने तो जिवाणू वाढवलेला सुमारे २०० मिलिलिटर सॉस स्वतः प्राशन केला, आणि तेरा तासांनी त्याला तीच पोटदुखी आणि तेच जुलाब सुरू झाले. १९५५ साली त्याने हे सारे प्रसिद्ध केले. पुढे १९७१ पासून इंग्लंडमध्ये चिनी खाणावळींतून भात खाल्लेल्या लोकांना तासा-दोन तासांत ओकाऱ्या सुरू होण्याचे प्रकार नोंदले जाऊ लागले. त्या खाणावळींत आदल्या दिवशी ढीगभर भात उकडून ठेवीत. थंड पेटीत ठेवला तर त्याचे गोळे होतात आणि तो मोकळा परतता येत नाही म्हणून रात्रभर बाहेरच ठेवीत. आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आले की कढईत क्षणभर परतून वाढीत. आपल्या फोडणीच्या भाताची कृती याहून वेगळी कुठे आहे? रात्रीचा उरलेला मोकळा भात, कांदा, मिरची, मोहरी, हळद, आणि मुलांची शाळेची घाई. माझे बालपण या भातावर पोसले आहे आणि त्याच्या रुचीविषयी माझ्या मनात कृतज्ञतेवाचून दुसरे काही नाही. पण फोडणीने त्याचा दोष जळतो ही जी आपली समजूत आहे, ती मात्र खरी नाही.

ती खरी का नाही, हे समजण्यासाठी या जिवाणूच्या दोन विषांतला भेद लक्षात घ्यावा लागतो. ओस्लोत ज्याने घात केला ते विष प्रथिनरूप आहे आणि ते बहुतांशी आपल्या लहान आतड्यात तयार होते: जिवंत जिवाणू अन्नाबरोबर पोटात जातात, आतड्यात वाढतात, तिथल्या पेशींच्या आवरणांना छिद्रे पाडणारी प्रथिने सोडतात, आणि आठ ते सोळा तासांनी जुलाब सुरू होतात. हे विष नाजूक आहे, तापवले की मोडते. अशा विषांची आतड्यावरची क्रिया पाहण्याची सोय, सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्हीकडून बांधून त्यात द्रव साचतो का ते तपासण्याची पद्धत, कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी पटकीच्या संशोधनासाठी घडवली होती. पटकीचे विष त्यांनी १९५९ साली सिद्ध केले, आणि बॅसिलस सिरियसच्या अभ्यासकांनीही पुढे तोच मार्ग अवलंबिला. दुसरे विष सिरियुलाइड. ते जिवाणू भातातच, आपण जेवायला बसण्याच्या आधीच, तयार करून ठेवतो. बारा घटकांची ती एक बंद साखळी, एक कडे, असते. त्या कड्याला ना टोक ना शेवट, म्हणून जठरातले आम्ल आणि पाचक रस यांना ते पकडायला जागाच सापडत नाही. १२१ अंशांवर दीड तास ठेवूनही त्याची शक्ती जात नाही. फोडणीतल्या तेलात जिवाणू मरतात हे खरे. परंतु त्यांनी रात्री मागे ठेवलेले हे कडे तसेच पानात येते. पोटात गेल्यावर ते आपल्या पोकळीत पोटॅशियमचा कण धरून पेशींच्या आवरणांतून ये-जा करते, जठरापासून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस नाडीला चेतवते, आणि अर्ध्या तासापासून सहा तासांच्या आत माणूस ओकू लागतो.

बहुतेकांचे हे दुखणे एका दिवसात निवळते, आणि त्यामुळेच त्याची फिर्याद कुणी कुठे नोंदवीत नाही; उन्हाळा लागला, नजर लागली, तेल बरे नव्हते, अशा कारणांवर ते प्रकरण मिटते. पण हेच कडे पेशींतल्या ऊर्जाकेंद्रांनाही बिघडवते, आणि मात्रा मोठी झाली तर यकृत कोसळते. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय वृत्तांतात स्वित्झर्लंडमधील सतरा वर्षांच्या मुलाची हकिकत आहे. शिळ्या स्पॅगेटीचे जेवण त्याला यकृत निकामी होऊन मृत्यूपर्यंत घेऊन गेले. असे क्वचित घडते. म्हणून भिऊन जाण्याचे कारण नाही, परंतु ओकाऱ्या थांबल्यानंतरही मूल गुंगीत राहिले, डोळे पिवळे दिसू लागले, लघवी होईनाशी झाली, तर सकाळची वाट न पाहता त्याला दवाखान्यात नेले पाहिजे. एरवी या दुखण्यात मारक ठरते ते पाणी जाणे. त्यावरचा उपाय, मीठ आणि साखर यांचे द्रावण तोंडाने पाजणे, १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हजारो माणसांवर यशस्वी करून दाखवला. आणि पुढे असेही दिसून आले की साखरेच्या जागी तांदळाची पेज वापरली तरी द्रावण उत्तम काम देते. ज्या तांदळाने आजार दिला तोच ताजा शिजून औषध होतो, ही गोष्ट धानाच्या प्रदेशातल्या माणसाला विशेष आपली वाटावी अशी आहे.

पंगतीनंतर माणसे आजारी पडली म्हणजे गावात एकच कोलाहल उठतो, आणि बहुधा पहिला संशय विहिरीवर, दुसरा मिठाईवर, आणि तिसरा कुणातरी वैऱ्याच्या हातावर जातो. चौकशीला येणारा आरोग्य सेवक मात्र प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारतो: जेवलात किती वाजता, आणि पहिली उलटी किंवा पहिला जुलाब किती वाजता? या उत्तरांत अर्धा पंचनामा असतो. अर्ध्या ते सहा तासांत ओकाऱ्या म्हणजे विष अन्नातच तयार होते: एकतर भातातले सिरियुलाइड, किंवा आचाऱ्याच्या बोटावरच्या पिकलेल्या फोडातून खव्यात उतरलेल्या स्टॅफिलोकॉकसचे विष, आणि तेही उष्णतेला दाद देत नाही. आठ ते सोळा तासांनी कळा आणि जुलाब म्हणजे सिरियसचे दुसरे विष, किंवा मटणाच्या मोठ्या हंड्यात, रश्श्याच्या तळाशी जिथे हवा पोहोचत नाही तिथे, वाढलेला क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स; हाही बीजाणूधारी, आणि अनुकूल उष्म्यात दहा-बारा मिनिटांत दुप्पट होणारा. बारा ते छत्तीस तासांनी तापासह जुलाब म्हणजे बहुधा साल्मोनेला; त्याला बीजाणू नसतो, तो उकळीने मरतो, म्हणून त्याचा माग कच्च्या अंड्यात, अर्धवट शिजलेल्या मांसात किंवा शिजल्यानंतर लागलेल्या हातात शोधायचा. वेळेवरून कयास बांधायचा, कोणी काय खाल्ले आणि काय टाळले याच्या यादीवरून तो पडताळायचा, आणि उरलेल्या अन्नाच्या नमुन्यावरून प्रयोगशाळेने निकाल द्यायचा, असा हा क्रम आहे. दुर्दैवाने, लाजेपोटी किंवा भयापोटी, उरलेले अन्न यजमान सर्वांत आधी उकिरड्यावर नेऊन टाकतात, आणि मग साक्षीदारच उरत नाही.

शिळ्या अन्नाविषयीचा आपल्या पूर्वजांचा संशय जुना आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात तामस आहाराच्या लक्षणांत ‘यातयाम’ असा एक शब्द आला आहे. त्याचा सरळ अर्थ घेतला तर शिजून एक प्रहर, म्हणजे तीन तास, उलटलेले. त्या काळी जिवाणूंचे ज्ञान नव्हते आणि ते होते असे भासवण्याची मला इच्छा नाही. परंतु अन्नाचे वय प्रहरांत मोजावे ही दृष्टी अनुभवाची आहे आणि वर केलेल्या हिशेबाशी ती चांगली जुळते. दुसरीकडे, उरलेल्या भातात पाणी घालून तो आंबवून सकाळी खाण्याची चाल धानाच्या सर्व मुलखांत आहे, आणि तिच्यातही तथ्य आहे: पाण्यात दुग्धाम्ल करणारे जिवाणू वाढले, भात चांगला आंबट झाला, की सिरियसची वाढ खुंटते. अडचण एवढीच की आंबटपणा चढायला वेळ लागतो, आणि रात्री दहापर्यंत पातेल्यात कोमट पडून राहिलेल्या भातात नंतर पाणी ओतल्याने आधी झालेले विष परत जात नाही.

उपाय मोठ्या खर्चाचे नाहीत. शाळांतल्या पोषण आहाराची खिचडी, जी २००१ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर देशभर शिजवलेल्या अन्नाच्या रूपात मुलांना मिळू लागली, ती शाळेच्याच आवारात शिजून वाफाळती वाढली जाते तोवर या जिवाणूपासून जवळपास निर्धास्त आहे. ती दूरवर पहाटे शिजून दुपारी पोहोचवायची झाली की काळजीचे कारण सुरू होते. लग्नात एका थोरल्या गंजाऐवजी चार मध्यम गंज, आणि एकदम न शिजवता वरात शिवारात आल्याची वर्दी मिळाल्यावर दुसरी खेप, एवढ्याने निम्मे काम होते. घरी उरलेला भात पातेल्यातच न ठेवता परातीत पातळ पसरावा, पंख्याखाली तासाभरात निववावा, आणि थंड पेटी असेल तर लगेच तीत ठेवून दुसऱ्या दिवशी संपवावा. भंडाऱ्याच्या पितळी परातींची कीर्ती जुनी आहे. त्या रुंद, उथळ भांड्यात भात किती लवकर निवतो हे आमच्या घरात आईला ठाऊक होते, आणि तिने त्याचे कारण कधी विचारले नाही.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती रोवणीच्या दिवसांविषयी. आषाढात पहाटे चारला उठून बाया भात शिजवतात, तो गरम असतानाच डब्यात दाबून भरतात, फडक्यात बांधून बांधावरच्या झाडाला टांगतात, आणि गुडघाभर चिखलात वाकून पऱ्हे रोवता रोवता दुपारचा एक वाजतो तेव्हा तो डबा उघडतात. नऊ तास झालेले असतात, आणि पावसाळ्याची ऊब त्या दाबून भरलेल्या भाताला सोडीत नाही. संध्याकाळी कुणाला ओकाऱ्या झाल्या तर चिखलाचे पाणी लागले असे म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशीची मजुरी बुडते. आमच्याकडच्या काही शेतांवर मालकाच्या घरून दुपारी ताजा भात आणि वरण आणण्याची रीत पूर्वी होती, आणि क्वचित कुठे अजून आहे: साडेबाराच्या सुमाराला बांधावरून सायकल येताना दिसते, मागच्या कॅरिअरला गंज बांधलेला असतो, आणि झाकण उचलले की त्यातून निघालेली वाफ पावसातही दिसते.